काट्यांची वही: बालाघाटातल्या काटेरी झाडांच्या फोटोंच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार. मुकुंदराज ते बुट्टेनाथ

उद्यापासून धनुर्मास, म्हणजे संक्रांतीपर्यंत मुहूर्त नाही, मुहूर्त नाही म्हणजे आमच्यासारख्या लग्नाच्या फोटोग्राफरला काम नाही. म्हणून हे काढलंय. मूळ कारण मात्र वेगळंच. मागच्या महिन्यात एका पार्टीला प्री-वेडिंग वाळवंटात पाहिजे होतं, राजस्थानला जायचं बजेट नाही, तर म्हणाले इथंच अंबाजोगाईच्या आसपास कुठं निवडुंग-बिवडुंग असलेली जागा बघा. मी दोन दिवस दऱ्या हिंडलो, जागा बघितली, आणि त्यांनी शेवटी महाबळेश्वर केलं. त्यांचं महाबळेश्वर झालं, माझ्या डोक्यात मात्र निवडुंग राहिला.

तर ठरलं असं की आषाढापर्यंत बालाघाटात चालत फिरून जेवढी काटेरी झाडं-झुडपं सापडतील त्यांचे जवळून फोटो काढायचे. टार्गेट तीस जाती. सोबत भाचा (कॉलेजला आहे, बॅग धरायला येतो, बदल्यात बाईक शिकायची). सामान: बॉडी, १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स जी मी खरं तर अंगठी आणि मेंदीच्या शॉटसाठी घेतली होती, ट्रायपॉड, पाणी तीन लिटर, भाकरी-ठेचा.

मुकुंदराजांच्या समाधीपासून दरीत उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते, आंघोळ-नाष्टा करून निवांत निघालो ना. काट्यांची कमी नाही. बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर, बोर, फड्या निवडुंग, पिवळी कोरांटी फुललेली, काटेचेंडू वाळून करकरीत झालेले. २१२ फोटो. दोघांच्या पँटला मिळून एवढे सराटे चिकटले की घरी ओसरीवर बसून अर्धा तास काढत होतो.

१६ डिसेंबर

काँप्युटरवर बघितले. २१२ पैकी ठेवण्यासारखे ९. लाज वाटावी असं काम आहे. काटा दिसतच नाही, मागच्या वाळक्या गवतात मिसळून जातो, दुपारचं ऊन वरून सपाट पडलेलं, आणि मॅक्रोचा जुनाच हिशोब की एकास एक मापाला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा) एफ ११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं, तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीच शार्प येतं. अंगठीला चालतं ते, अंगठी हलत नाही. काट्याची फांदी मी श्वास सोडला तरी हलते.

३० डिसेंबर, येळवस (वेळा अमावस्या). सासुरवाडी, लातूर तालुका

येळवशीला शेतात जायचं म्हणजे जायचंच, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली असतात. मी पहाटेच बांधावर पोचलो, कॅमेरा घेऊन, कोपीत (कडब्याच्या खोपीत) पूजा मांडायच्या आधी. सूर्य नुकताच तुरीच्या वर आला होता. बांधावर बाभळीची तीन-चार वर्षांची रोपं आणि त्यांना हे पांढरे सुईसारखे काटे, जोडी-जोडीनं. म्हातारी बाभूळ एवढी काटे ठेवत नाही, पोरसवदा झाडाला जास्त आणि लांब असतात, बकऱ्यांचं तोंड पोचतं तेवढ्या उंचीवर.

उन्हाकडं पाठ करून पाच-सात काढले, तेच, सपाट. मग सहज पलीकडच्या अंगाला गेलो, सूर्य समोर, काटा मधे, आणि बटन दाबायच्या आधीच कळालं. प्रत्येक काट्याला कडेनं उजेडाची रेघ. अहो हे तर मी रोज करतो, नवरीच्या ओढणीला मागून लाईट मारतो तेव्हा ओढणीची किनार पेटल्यासारखी दिसते, तेच. पंधरा वर्षं लग्नं काढून मला बाभळीपाशी सुचायला दोन आठवडे लागले. एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, मागं सावलीतला बांध म्हणजे बॅकग्राउंड आपोआप काळं.

तेवढ्यात चुलत सासरे आंबिलीची घागर घेऊन आले. "जावईबापू, बाभळीत काय करायलाव?"

"काट्याचे फोटो काढायलोय."

"फोटो कशाला काढायलाव, काटाच काढा की. आमच्या घरात दोघांच्या पायात मोडलेला हाय."

आंबील दोन तांबे, भज्जी (येळवशीची मिसळभाजी) किती खाल्ली ते सांगत नाही. दुपारनंतरचा एकही फोटो नीट नाही.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

आईला सुगडात घालायला बोरं पाहिजे होती, मला बोराचा काटा पाहिजे होता, एकाच फेरीत दोन्ही. बोरीच्या प्रत्येक पेऱ्यावर दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला आकडा. सरळ काटा आत जाताना अडवतो आणि आकडा बाहेर येताना. हात घालताना काही होत नाही, ओढताना बाही फाटते. नवा शर्ट होता. फोटो चांगला आलाय, दोन्ही काटे एकाच फोकसमधे, त्यासाठी फांदीला कॅमेरा एकदम समांतर लावावा लागला.

२६ जानेवारी, रविवार. धर्मापुरीच्या वाटेवर

झेंडावंदन करून निघालो. हिंगणबेट सापडलं, एक एकटं झाड, माळावर. ह्याचे काटे हिरवे, जाड, बोटाएवढे लांब, आणि गंमत म्हणजे एका काट्यालाच मधे दोन पानं फुटलेली. भाचा म्हणाला मामा हे चुकून झालं असेल. चुकून नाही, हिंगणबेटाचा काटा म्हणजे मुळात फांदीच, टोक काढून थांबलेली.

इथं बसून जरा विचार केला आणि वहीत मांडलं, कारण पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे. सगळे काटे एक नसतात. बाभूळ, हिवर, बोर ह्यांचे काटे पानाच्या बुडाशी जी उपपर्णं असतात त्यांचे झालेले, म्हणून जोडीनं. हिंगणबेट, करवंद ह्यांचे काटे फांदीचे, करवंदाचा तर पुढं दोन फाटे फुटलेला असतो. फड्या निवडुंगाचा काटा म्हणजे पान. आधी काटा कुठून फुटलाय ते बघायचं आणि मग कॅमेरा कुठं लावायचा ते ठरवायचं. जोडीचा असेल तर समोरून, दोन्ही दिसले पाहिजेत. फांदीचा असेल तर बाजूनं, कारण त्याच्यावर पान किंवा कळी असायची शक्यता. हे कळल्यापासून मी फोटो कमी काढायलोय. आज ४१ काढले, १४ ठेवले.

हिंगणबेटाची फळं खाली पडली होती, आजी सांगायची ह्याच्या गरानं कपडे धुवायचे. बाटलीतलं पाणी घालून हातावर चोळलं तर खरंच फेस येतो. भाच्याला साबण सापडल्याचा आनंद, मला पिण्याचं पाणी अर्धा लिटर कमी झाल्याचं दुःख.

परत येताना हिवरावर खाटीक पक्षी. काट्यावर नाकतोडा टोचून ठेवलेला, खाटकाच्या दुकानात आकड्याला लटकवतात तसा, पाय अजून हलत होते. पक्ष्याचं नाव कोणी ठेवलं असेल त्यानं नीट बघून ठेवलंय. १०० एमएम घेऊन जवळ गेलो तर पक्षी उडाला, नाकतोड्याचा फोटो मिळाला. माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो हाच, बायकोच्या मते हा कोणाला दाखवू नये.

९ फेब्रुवारी, रविवार. बुट्टेनाथची दरी

आज ज्याला सगळे निवडुंग म्हणतात ते दोन्ही एका दिवसात, शेजारी-शेजारी ठेवून बघायचे होते.

दरीच्या उतरणीला खडकात दुधाचा निवडुंग, पुरुषभर उंच, खांबासारख्या फांद्या, पानं सगळी गळलेली. आणि पन्नास पावलांवर फड्या. लांबून दोघं भाऊ वाटतात, नातं काडीचं नाही. दुधाचा निवडुंग हा एरंडाच्या कुळातला, इथला. फड्या अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस तोच. एक लटकून वाढणारी जात सोडली तर जगातले सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. दोघांनाही उन्हाची आणि कोरडेपणाची एकच अडचण, म्हणून दोघांनी पानं टाकली आणि पाणी खोडात साठवलं. फड्या तर श्वासाची छिद्रंसुद्धा रात्री उघडतो, दिवसा बंद, म्हणजे पाणी उडत नाही. माणसानं एप्रिलमधे दुपारी शटर ओढून झोपावं तसं.

ओळखायला सोपं आहे. टोचलं तर दूध आलं की तो आपला, चिकट पाणी आलं की तो परका. आणि काटे बघा: दुधाच्या निवडुंगाला गाठीवर आखूड दोन-दोन, फड्याला मात्र एका गोल ठिपक्यातून चार-सहा लांब काटे आणि त्यांच्या बुडाशी केसासारख्या कुसांचा पुंजका. असा ठिपका फक्त कॅक्टसलाच असतो.

मेंढरं घेऊन एक धनगरमामा आले, बराच वेळ नुसते बघत उभे. मग म्हणाले, "तोडू नका त्येला."

"नाही मामा, फोटोच काढायलोय."

"तोडलंच तर त्यो हात डोळ्याला लावू नका. आमच्या एका पोराच्या डोळ्यात दूध उडालं, दोन दिस दिसत नव्हतं त्येला." आणि मेंढरं? "मेंढरू शहाणं हाय, त्ये तोंड लावत न्हाई. माणसालाच सांगावं लागतं."

हे लिहून ठेवतोय कारण भाच्याच्या हातात त्या वेळी एक फांदी होती. लगेच टाकायला लावली, पाण्यानं हात धुतले. परत पाणी कमी.

२ मार्च, रविवार. फड्याचं बेट

डोंगरवाटेच्या कडेला पडक्या दगडी कुंपणावर फड्याचं मोठं बेट आहे, पंधरा-वीस फूट पसरलेलं, पूर्वी कोणीतरी वई म्हणून लावलं असणार. पहाटे सहालाच पोचलो. आता वारा सुटायच्या आत काम संपवायचं हे पक्कं झालंय, साडेआठनंतर ट्रायपॉडचा उपयोग नाही.

पहिली चूक. लेन्स पुसायचं मऊ कापड मी एका फड्यावर (त्याच्या चपट्या हिरव्या खोडावर) टाकलं, दोन मिनिटं, नुसतं टाकलं. मग घाम आला म्हणून त्याच कापडानं कपाळ पुसलं. लांब काट्यांची आपण काळजी घेतो, ते दिसतात. त्यांच्या बुडाशी ज्या बारीक कुसा असतात त्या दिसत नाहीत, हात लागला की शेकड्यानं सुटून येतात, आणि प्रत्येकीला उलटी खवलं असतात म्हणून आत शिरते ती बाहेर येत नाही. कपाळ, भुवई, एक पापणी. खाज म्हणावी की आग म्हणावी. चोळायचं नाही एवढं माहिती होतं, म्हणून नुसता उभा राहिलो आणि भाचा हसत होता. घरी आल्यावर चिकटपट्टी लावून काढल्या, थोड्या निघाल्या. मग फेविकॉल लावून वाळू दिलं आणि सोललं, त्यानं बऱ्याच निघाल्या. भुवईचे केसपण निघाले. पापणीतल्या कुसा बायकोनं भिंग धरून चिमट्यानं एक-एक काढल्या, आणि पूर्ण वेळ बोलत होती, ते काय बोलत होती ते इथं लिहायची गरज नाही.

पण त्या आधीचं महत्त्वाचं. बेटाच्या उत्तरेकडच्या बाजूला फड्यांवर पांढरा कापूस लागल्यासारखं दिसलं. मला वाटलं बुरशी. काडीनं एक बोंडका उचकटला आणि नखावर दाबला तर गडद लाल. कुंकू नाही, अळता. नखाच्या कडेनं उतरून बोटाच्या पेरापर्यंत आला, पाण्यानं जाईना. कापसाच्या आत मुगाच्या अर्ध्याएवढा गोल किडा, पाय दिसत नाहीत, एका जागी बसून रस पितोय. एका फड्यावर मी तीसपर्यंत मोजले मग सोडून दिलं. त्या बाजूचे फडे पिवळे पडून सुरकुतलेत, दोन खाली गळालेत.

फोटो: पांढरा कापूस, मधे फुटलेला लाल थेंब, बाजूला एक काटा उभा. मागं भाच्यानं काळी छत्री धरली. सोळा फोटो थोडा-थोडा फोकस सरकवून, नंतर जोडायचे.

३ मार्च

रात्री वाचत बसलो (झोप येत नव्हती, भुवई). तो किडा म्हणजे कोचिनियल, जगभर कार्माइन नावाचा लाल रंग ज्याच्यापासून करतात त्याच घराण्यातला. त्या काळात हा रंग म्हणजे मेक्सिकोतून येणारा स्पेनचा मक्ता होता, म्हणून १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलहून किडे भारतात आणले, की आपणपण रंग करू. आणले ते भलत्याच जातीचे निघाले, रंग हलका. रंगाचा धंदा काही बसला नाही पण त्या किड्यानं एका जातीचा निवडुंग बऱ्याच भागातून खाऊन संपवला. पुढं हे लक्षात ठेवून १९२६ साली दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेतून मुद्दाम आणला, माजलेला फड्या आटोक्यात आणायला. म्हणजे अमेरिकेचा निवडुंग, त्याच्यावर अमेरिकेचाच किडा, आणि भांडण आमच्या कुंपणावर.

आता कळालं की जुनी माणसं सांगतात पूर्वी फड्याची बेटंच्या बेटं होती ती कुठं गेली. मला वाटायचं सगळी जेसीबीनं गेली.

२३ मार्च, रविवार

दोन गोष्टी.

नेपती फुललीय. ही बिनपानांची, नुसत्या हिरव्या काड्यांचं झुडूप, वरून विटकरी लाल फुलं, आणि फुलाच्या बुडाशी दोन बारीक वाकडे काटे. राजस्थानात हिच्याच फळांना केर म्हणतात, केर-सांगरीतलं केर. म्हणजे वाळवंटाचं झाड पाहिजे होतं ते आमच्या काळ्या रानाच्या बांधावर होतं आणि मी ते आयुष्यभर सरपण समजत आलो. त्या प्री-वेडिंगवाल्यांना हेच दाखवायला पाहिजे होतं.

दुसरी: बेटाच्या दक्षिणेच्या बाजूला, जिथं किडा पोचला नाही, नवे फडे फुटलेत, तळहाताएवढे, कोवळे पोपटी. आणि त्यांच्यावर प्रत्येक ठिपक्याशी एक छोटं हिरवं शिंगासारखं पान! खरं पान, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. ही पानं थोड्याच दिवसांत गळून जातात आणि काटे राहतात. "फड्याला पानं नसतात" हे मी भाच्याला गेल्याच महिन्यात ठणकावून सांगितलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

यादी १९ वर.

एप्रिल

लग्नसराई. बावीस दिवसांत सतरा लग्नं. पहाटेचा उजेड हॉलमधे हळदीच्या शूटला जातोय. तापमान बेचाळीसला टेकलंय. मधे चाचणीसाठी सहा प्रिंट मागवल्या एका लॅबकडून, त्यांनी न विचारता शार्पनेस वाढवून दिला, काटे खडूनं काढल्यासारखे पांढरे. फोन केला तर म्हणतात सर काटे आहेत म्हणून वाढवला. परत पाठवल्या.

४ मे, रविवार. फूल

आदल्या रात्री परळीत लग्न, दीडला घरी, साडेचारला उठलो. भाचा परीक्षेमुळं नाही, एकटाच. बेटावर पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि कळ्या अजून मिटलेल्या. ट्रायपॉड लावून समोर बसलो, ह्या वेळेस जाड सतरंजी घेऊन.

सातनंतर पाकळ्या सैल व्हायला लागल्या. घाई नाही त्यांना. पिवळं, मेण लावल्यासारखं फूल, आत तांबूस पुंकेसरांचा दाट घोस, मधे हिरवट जाड बी ठेवल्यासारखं दिसतं ते स्त्रीकेसराचं टोक. आठ वाजता एक मधमाशी आली, सरळ आत घुसली, आणि पुंकेसर हलायला लागले. मला वाटलं वारा. वारा नव्हता. माशी गेल्यावर मी गवताची काडी घेऊन हळूच पुंकेसरांच्या बुडाला लावली, तर ते सगळे आतल्या अंगाला वाकून मिटत आले, दोन-तीन सेकंदांत, मूठ हळू वळावी तसे. काडी काढली, थोड्या वेळानं परत सैल. माशी आत फिरली की हे तिच्या अंगावर वाकतात आणि पराग फासतात.

मी हे चार वेळा केलं. पाचव्या वेळी व्हिडिओ चालू करायचं आठवलं. आणि व्हिडिओ चालू झाल्यावर कार्ड फुल, कारण रात्रीचं लग्न अजून त्याच्यातच होतं. नवरीचं एक फोटोसुद्धा डिलीट करायची हिंमत झाली नाही, बॅकअप घेतला नव्हता. शेवटी मोबाईलवर काढलं, हात थरथरतोय, पण वाकताना दिसतात.

संध्याकाळी मुद्दाम परत गेलो. तीच फुलं केशरी पडून मिटायला लागलेली. एका दिवसाचं काम.

२८ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं धरलंय, मान्सूनपण लवकर येऊन बसला. वाट निसरडी, दरी हिरवी व्हायला लागली. बेटावर जाऊन आलो. कोचिनियलचा कापूस पावसानं बराच धुऊन गेलाय, दगडांवर गुलाबी ओघळ पण नाहीत, मला उगीच वाटलं होतं असतील. गळालेल्या दोन फड्यांपैकी एकानं खाली मुळं धरलीत, ओल्या मातीत. किड्याच्या बाजूचाच. फोटो काढला, फार काही नाही त्यात, एक सुरकुतलेला फडा आणि चार पांढरी मुळं.

यादी २६. तरटी, गेळ, वाघाटी, सागरगोटा राहिलेत.

७ जुलै, द्वादशी

एकादशी सोडायला वाघाटीची भाजी लागते, आईनं कालच मला सांगितलं होतं बाजारातून आण, मी विसरलो, शेवटी तीच सकाळी जाऊन घेऊन आली. मी उठून बघतो तर फळं चिरून, ठेचून, कडू पाणी काढून कढईत पडलेली. म्हणलं आई, मला फोटो पाहिजे होता वाघाटीचा, सहा महिने झाले सांगायलोय. म्हणाली, फळाला कुठं काटे असतात?

पिशवी झटकली. तळाशी वीतभर देठ निघाला, विकणारीनं घाईत फळासोबत मोडून टाकला असावा. पेऱ्याला दोन काटे, दोन्ही मागं वाकलेले, मांजराच्या नखासारखे, टोकं काळपट. ओट्यावर खिडकीसमोर भाताच्या वाटीला टेकवून उभा केला, मागं काळी कढई. एफ ११, मागून पावसाळी उजेड, एक स्टॉप खाली.

आई म्हणाली कढई लागणार आहे, हलव. तीन फोटो मिळाले. यादी २७.